तिन्ही वेळा तेच

वसतिगृह, खोली क्रमांक नऊ
१२ जुलै

प्रिय थेंबे,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते, म्हणून विचारते. कशी आहेस? आई कशा आहेत? ताईचं बाळ आता रांगत असेल. तू दादाच्या वह्या-पेनांच्या दुकानात बसायला लागलीस हे मला लॅबवाल्या काकांकडून कळलं. त्यांना कुठून कळलं ते विचारू नकोस, त्या माणसाला बंद कपाटातलंही दिसतं. मी बरी आहे. जेवते, झोपते, तासांना जाते.

पाच महिन्यांत मी एक ओळ लिहिली नाही. तू रागावली असशील असं लिहिणार होते, पण तुला रागावता येत नाही हे मला तुझ्या शेजारी दीड वर्ष उभं राहून चांगलं ठाऊक आहे. मी तुझं नवं कोरं शंकुपात्र फोडलं तेव्हाही तू फक्त माझी बोटं उलटीसुलटी करून बघितलीस, कुठे कापलं का म्हणून. तेव्हा उशिराची सबब सांगत नाही.

कॉलेजच्या बातम्या ऐक. पृथक्करणाचा निकाल लागला. बावन्नपैकी एकवीस जणांचा विषय राहिला. मी काठावर पास झाले, काठावर म्हणजे अगदी पाय पाण्यात. बाबांना तेवढंही पुरलं. तुला माहीत आहे ना, आमच्या कंपाउंडरसाहेबांचं? दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला औषधाच्या पुडीबरोबर ‘पोरगी केमिस्ट होणार’ ही बातमीही बांधून मिळते. डॉक्टर म्हणे वैतागले आहेत.

मोरचूदबाई अजून रोज निळ्याच कपड्यांत येतात. आपण ठेवलेलं नाव त्यांना माहीत आहे याची मला आता खात्री झाली. परवा मोरचुदाचे निळे खडे बशीत घेऊन वर्गभर फिरवताना म्हणाल्या, “हे माझे नातेवाईक. नीट बघून घ्या.” आणि नव्या वर्षाचा उपदेश असा, की या विषयात पास व्हायचे दोनच मार्ग आहेत, अभ्यास आणि चमत्कार, आणि चमत्काराचं खातं त्यांच्याकडे नाही.

खरं तर माझ्या बाबतीत चमत्कारच झाला होता. पहिल्या वर्षी दोन चाचण्यांत नापास झाल्यावर मी बॅग भरली होती, आठवतं? मोल म्हणजे काय तेच मला कळत नव्हतं. बाकीचे कुठच्या कुठे पोचले होते आणि मी पहिल्या पानावर चिखलात रुतल्यासारखी. तू आलीस, माझ्या भरलेल्या बॅगेवर बसलीस आणि म्हणालीस, “डझन कळतो ना? मग मोल पण कळेल. डझनच आहे, फक्त थोरला.” मग ते पान कळेपर्यंत बॅगेवरून उठली नाहीस. या विषयात मी टिकले ते तुझ्या त्या बैठकीमुळे.

परवा मागच्या बाकावरच्या दोघांच्या वह्या बाईंनी भर वर्गात वाचून दाखवल्या. पहिल्या खेपेपासूनच तेवीस पूर्णांक चार, तेवीस पूर्णांक चार, तेवीस पूर्णांक चार. खाली लाल शाईत लिहिलं होतं, ‘ही रीडिंग बुरेटमधून आली की पेनातून?’ सगळा वर्ग हसला. मीही हसले. सी.बी.आर., कॉन्स्टंट बुरेट रीडिंग, म्हणजे तीन रीडिंग सारखी येईपर्यंत बुरेटपुढे उभं राहण्याची शिक्षा, ही तुझीच व्याख्या. आणि ती शिक्षा तू हौसेने भोगायचीस. नळीच्या तोटीतून एकेक थेंब सोडत, खालच्या पात्रात रंग फिरायची वाट बघत. बाई म्हणायच्या, “थेंबे थेंबे तळे साचे, पण तास संपला बरं का.” तिथून तू थेंबे झालीस. मी तोटी सगळी सोडून मोकळी व्हायचे आणि फिक्या गुलाबीच्या जागी भडक गुलाबी करून ठेवायचे, म्हणून मी धबधबा. दोघींना नावं एकाच तासाला पडली.

मला नवी जोडीदारीण दिली आहे. मुलगी चांगली आहे. तिला टोपणनाव अजून मिळालेलं नाही, कारण नावं ठेवणारी गेली.

लॅबमध्ये बरंच बदललं आहे. दाराजवळ डोळे धुवायचा दोन तोंडांचा नळ बसवला आहे. चष्मा घातल्याशिवाय कोणाला आत घेत नाहीत. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी हवी, आत काय आहे, कोणी भरलं, कधी भरलं. चिठ्ठी नसलेली बाटली दिसली की काका ती कोणाची का असेना, मोरीत रिकामी करतात. मुलं या नियमांना ‘थेंबेचे नियम’ म्हणतात. चांगल्या अर्थाने म्हणतात.

त्या दिवसाबद्दल मी काही काढत नाही. डाव्या डोळ्याला उजेड तरी कळतो का, तेवढं कळव. काका म्हणत होते कळतो.

आणि एकच विचारते. ती बाटली कुठून आली ते तुला नीट आठवतं का? आठवत नसेल तर डोक्याला ताण देऊ नकोस. डॉक्टरांनी तुला विश्रांती सांगितली आहे.

आईंना नमस्कार. बाळाचा एक पापा.

तुझीच,
धबधबा


खोली क्रमांक नऊ
३ सप्टेंबर

प्रिय थेंबे,

तुझं उत्तर नाही. पोस्टाने घोळ घातला असेल. किंवा तुला वाचायला त्रास होत असेल आणि ताईला बाळापुढे सवड नसेल. असंच काहीतरी असेल. इकडे सगळे मजेत.

मला बढती मिळाली आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मोरचूदबाईंनी सुरक्षेचा तास सुरू केला आणि तो मी घेते. मी नको म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, “तू स्वतः बघितलं आहेस. पुस्तकापेक्षा तुझं ऐकतील.” तेव्हा दर सोमवारी मी वीस-वीस मुलांपुढे उभी राहते, वॉश बॉटल हातात धरते, ती दाबली की वाकड्या नळीतून पाण्याची धार कशी येते ते दाखवते आणि सांगते. एक विद्यार्थिनी होती. हुशार होती. तिने आळसाने दाट कॉस्टिक सोडा वॉश बॉटलमध्ये भरून ठेवला आणि चिठ्ठी लावली नाही. डोळ्यात आम्लाचा थेंब उडाला तेव्हा पाणी समजून तिने तीच बाटली उचलली. गेल्या सोमवारी एक मुलगा रडला.

मी तुझं नाव घेत नाही. ‘एक विद्यार्थिनी’ एवढंच म्हणते. तरी तुला न विचारता तुझी गोष्ट सांगते आहे, म्हणून कळवणं भाग होतं.

चौकशीत मी काय सांगितलं ते तुझ्या घरी कळलंच असेल. मी एकदा बाईंना सांगितलं, एकदा विभागप्रमुखांना, एकदा प्राचार्यांच्या समितीपुढे. तिन्ही वेळा तेच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. हवं तर बाईंना विचार. तुझं मात्र दर वेळी वेगळं येत होतं, त्याला मी काय करणार? तुझा दोष नाही, तू हॉस्पिटलमध्ये दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून पडली होतीस. पण समितीने तरी कोणाचं धरायचं?

तुला प्रात्यक्षिकाला बंदी घाला असं मी कधीही म्हटलेलं नाही. ‘निष्काळजी विद्यार्थिनी’ हा शब्दही माझा नाही. तो त्यांनी कागदावर घातला. प्रात्यक्षिक नाही म्हणजे पदवी नाही, हे ठरवताना मला कोणी विचारलं नव्हतं.

हे सगळं तुला का लिहिते आहे कोण जाणे. हल्ली वॉश बॉटल हातात घेतली की तिच्यावरची चिठ्ठी दोन-तीनदा वाचते. जोडीदारीण हसते. सोमवारी मुलांना वाटतं मी मुद्दाम करते, परिणाम साधायला.

पत्र मिळालं एवढं तरी कळव. एक ओळ पुरे.

धबधबा


खोली क्रमांक नऊ
९ जानेवारी

प्रिय थेंबे,

आई बऱ्या आहेत, बाळ उभं राहायला लागलं, हे तुझ्या पत्रातून कळलं. ते पत्र येऊन सहा आठवडे झाले.

या पत्राबरोबर एक छापील अर्ज आहे. फेकू नकोस. तो कशाला ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू बाकीचं वाचायची नाहीस, आणि बाकीचं वाचायलाच हवं. एक विनंती, हे ताईला वाचायला देऊ नकोस. वेळ लागला तरी चालेल, उजव्या डोळ्याने तू स्वतः वाच. मग घरात सगळ्यांना दाखव.

तू लिहिलंस की डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार कळतो, बाकी काही नाही, आणि डॉक्टर म्हणतात एवढ्यावरच राहणार. पुढच्याच ओळीत लिहिलंस, ‘बुरेट वाचताना आपण एक डोळा मिटतोच, तेवढे कष्ट वाचले.’ मी ते जेवणघरात वाचत होते. ताट तसंच ठेवून उठले.

आणि मग तू माझी माफी मागितलीस. तुझी वाक्यं मला आता पाठ आहेत. ‘ताईने समितीचा कागद वाचून दाखवला. तुझं तिन्ही वेळा एकच आणि माझं तीन तऱ्हांचं. मला अजून कधी कधी वाटतं की कुणीतरी माझ्या डोळ्यात धार मारली. पण तिथे तुझ्याशिवाय होतं कोण, आणि तू असं का करशील? म्हणजे सोडा मीच भरला असणार आणि विसरले असणार. तुला ते बघावं लागलं आणि वर तीन-तीनदा सांगावं लागलं, याचं वाईट वाटतं. माफ कर.’

माझ्यावर विश्वास ठेवायचा म्हणून तू स्वतःच्या आठवणीवर काट मारलीस.

एवढं वाचूनही मी काही केलं नाही, हे लपवत नाही. पत्र वहीत ठेवलं आणि परीक्षेचा फॉर्म भरला. शेवटचं सत्र, चार महिने ढकलले की बाबांची पोरगी केमिस्ट. स्वतःला समजावत होते की आता बोलून काही तिचा डोळा परत येणार नाही. स्वतःची समजूत घालायला फार अक्कल लागत नाही. मला सहज जमत होतं.

डिसेंबरातल्या दुसऱ्या सोमवारी पहिल्या वर्षाची नवी तुकडी आली. मी नेहमीसारखी बाटली धरून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पहिल्या बाकावर एक बारकीशी मुलगी होती, मोठा चष्मा लावलेली. तिने हात वर केला.

“ताई, त्यांच्या डोळ्यात आम्ल उडालं होतं ना? मग डोळे मिटलेले असणार. मिटल्या डोळ्यांनी बाटली सापडली कशी?”

मी म्हटलं, “हाताशीच होती.”

“पण सोडा त्यांनी स्वतःच भरला होता ना? मग कुठल्या बाटलीत काय आहे ते एकट्या त्यांनाच माहीत असणार. दुसऱ्या कोणी उचलली असती तर समजलं असतं. त्या कशा चुकतील?”

ती हुज्जत घालत नव्हती. गणितातली सुटलेली पायरी विचारावी तसं विचारत होती, पेन उघडून, उत्तर वहीत लिहून घ्यायला. दहा महिन्यांत हे मला कोणीही विचारलं नव्हतं. बाईंनी नाही, विभागप्रमुखांनी नाही, समितीतल्या पाच जणांनी नाही. त्यांना तीन सारखी रीडिंग मिळाली होती. ती मिळाली की आपण बुरेट धुऊन ठेवतो, पुढे कोण बघतं?

मी तिला म्हटलं, “तुझं बरोबर आहे,” आणि तास सोडला.

आता ते लिहिते.

तो फेब्रुवारीतला मंगळवार होता आणि आपला अमोनियाचा प्रयोग चालू होता. दर खेपेला दाट कॉस्टिक सोडा लागायचा आणि तो पलीकडच्या भिंतीवरच्या शेल्फवर. दोनदा जाऊन आल्यावर मला कंटाळा आला. आपल्या बाकावर दोन वॉश बॉटल होत्या, एक तुझी, एक माझी. माझी रिकामी झाली होती. ती मी शेल्फपाशी नेली आणि सोड्याने भरून आणली. चिठ्ठी लावायला हवी हे मला माहीत नव्हतं असं नाही. बाटलीवरचं नाव दोनदा मोठ्याने वाचल्याशिवाय औषध न देणाऱ्या माणसाच्या घरात मी वाढले आहे. दहा मिनिटांचा तर प्रश्न, असं मनात म्हटलं. तू बर्नरची ज्योत बारीक करत होतीस. तुलाही सांगितलं नाही.

मग तू बुरेटमध्ये आम्ल भरायला घेतलंस. नरसाळं हललं आणि थेंब उडाला. अगदी सौम्य आम्ल होतं, पाण्याने धुतलं असतं तर घटकाभर चुरचुरून थांबलं असतं. तू दोन्ही डोळे घट्ट मिटून म्हणालीस, “पाणी दे गं.” मी तुझ्या डाव्या हाताला उभी होते. बाटली माझ्या हातातच होती, आणि त्या घाईत आत काय भरलंय ते मी साफ विसरले. मी तुझी हनुवटी धरून मान मागे केली, बोटांनी पापणी उघडली आणि धार मारली. दोनदा. तू ओरडलीस तेव्हा मला वाटलं आम्लाने झोंबतंय म्हणून ओरडतेस, आणि मी तिसऱ्यांदा मारली.

त्यानंतर माझी बोटं बुळबुळीत लागली. सोडा बोटांना साबणासारखा लागतो. मला तिथेच कळलं.

बाकीचे आपापल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून होते. त्यांनी वळून बघितलं तोवर काका तुला धरून नळाकडे नेत होते. मी बाटली खाली ठेवली. तुझ्या बाजूला ठेवली. ते मुद्दाम केलं की हाताने आपसूक केलं, हे मला खरंच सांगता येत नाही. बाकी सगळं सांगता येतं.

संध्याकाळी बाईंनी विचारलं तेव्हा तोंडून निघालं, “सोडा तिनेच भरला होता आणि बाटली तिनेच उचलली.” तेव्हा ते भीतीने निघालं. पण खोलीवर आल्यावर मी ते वाक्य वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं आणि पाठ केलं. ते भीतीने केलं नाही. पुढच्या वेळी चूक नको म्हणून केलं. तू माझ्यासाठी बॅगेवर बसून राहिली होतीस, आणि मी तुझ्याविरुद्ध पाठांतर करत होते.

खरं रीडिंग दर वेळी थोडं हलतं. तुझं हललं. पहिल्या दिवशी तू म्हणालीस कुणीतरी धार मारली, मग म्हणालीस कुणीतरी बाटली हातात दिली, मग म्हणालीस आठवत नाही. माझं हललं नाही, कारण ते बुरेटमधून आलंच नव्हतं.

त्याच सोमवारी मी मोरचूदबाईंकडे गेले. त्या वह्या तपासत बसल्या होत्या. या वेळी मला धड सांगता येईना. आधी बाटलीचं सांगितलं, मग मागे जाऊन शेल्फचं, मध्येच रडले, पुन्हा बाटलीवर आले. त्यांनी एकदाही अडवलं नाही. मग कपाटातून फाईल काढली, माझे तीन जबाब टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि ओळीओळीवर बोट फिरवत वाचले.

“प्रयोगवहीत असतं तर पहिल्या नजरेत लाल शाई फिरवली असती मी,” त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून ठेवला. “त्या पोरीला हॉस्पिटलमध्ये जाऊन मी म्हटलं होतं, नीट आठव, दर वेळी वेगळं सांगू नकोस. पट्ट्या होत्या तिच्या डोळ्यांवर.”

मला वाटलं आता त्या मला बोलतील. त्यांनी कोरे कागद पुढे सरकवले. नुसतं म्हणाल्या, “लिहून दे.” मी तिथेच बसून लिहिलं. चार पानं झाली, खाडाखोडीसकट. मी पुन्हा चांगल्या अक्षरात लिहिते म्हटलं तर त्यांनी ते करू दिलं नाही.

काल समितीचा निर्णय आला. मला कॉलेजातून काढलं आहे. परवापर्यंत खोली सोडायची. तसं व्हायलाच हवं होतं, तक्रार करत नाही, फक्त कळवते.

बाबांना मी स्वतः फोन केला. ते दवाखान्यातच होते, मागे कोणीतरी खोकत होतं. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग म्हणाले, “बाटलीवर नाव लिहायला किती वेळ लागतो गं?” पाठोपाठ “घरी ये,” म्हणाले, आणि ठेवला. त्यांना आता तिथे रोज लोक विचारणार, पोरगी काय म्हणते म्हणून.

आता अर्जाचं. तुझ्यावरची बंदी उठवायला समिती तयार आहे, पण ती आपोआप उठत नाही. तू अर्ज करायला हवा. शेवटची तारीख एकतीस जानेवारी. ती चुकली तर तुझं आणखी एक वर्ष जाईल, आणि तू दुकानात बसून ते जाऊ देशील, मी तुला ओळखते. मोरचूदबाईंनी निरोप दिला आहे की एका डोळ्याला अंतराचा अंदाज यायला वेळ लागतो, सुरुवातीला नरसाळं धरायला कोणी तरी लागेल, आणि ते त्या स्वतः धरतील. काकांनी आपला चार नंबरचा बाक कोणाला द्यायचा नाही म्हणून त्यावर रिकामे रॅक मांडून ठेवले आहेत.

मी तुझी माफी मागत नाही. मागितली तर तू देशील. दोन ओळींत देशील आणि वर मी जेवते का ते विचारशील. ते मला सोसणार नाही, आणि तुझं तर त्यात नुकसानच आहे. माझ्यावर रागव. येत नसेल तर शीक, याहून अवघड विषय आपण दोघी शिकलो आहोत. ताईला मदतीला घे, तिला चांगलं जमतं.

मला तुझी रोज आठवण येते. तुला हे सांगायचा मला हक्क राहिलेला नाही, पण खोटं आता एकही लिहायचं नाही असं ठरवलं आहे, आणि हे न लिहिणं खोटं झालं असतं.

अर्जात सातवा रकाना आहे, ‘पूर्वीच्या घटनेचे कारण, अर्जदाराच्या शब्दांत’. तिथे ‘माझा निष्काळजीपणा’ असं लिहू नकोस. तू पहिल्या दिवशी जे सांगितलंस तेच लिही, की कुणीतरी माझ्या डोळ्यात धार मारली. ते बरोबर होतं. तुझी आठवण पहिल्यापासून बरोबर होती. फक्त ‘कुणीतरी’ खोड आणि तिथे माझं नाव घाल. धबधबा नको. पूर्ण नाव लिही, आडनावासकट.

तुझ्या डाव्या हाताला उभी होती,
ती